खेळाडू बाप, पट्टा आणि आठ वर्षांचा मुलगा: शिस्त कुठं संपते?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका आजोबांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा एका सरकारी खात्याच्या संघाकडून क्रिकेट खेळतो, नोकरीही खेळाडूंच्या कोट्यातलीच. ८ वर्षांचा नातू मैदानावर चुकला की घरी आल्यावर त्याला पट्ट्यानं, नाहीतर दोरीउड्यांच्या दोरीनं मार बसतो. कधी दोनशे उठाबशा. गेल्या आठवड्यात कानाखाली बसली आणि तेव्हापासून पोरगा टीव्हीचा आवाज वाढवून ऐकतो. आजोबा विचारतात: "मीही ह्याला मारूनच वळण लावलं, मग आता चुकतंय कुठं? आणि सूनबाई म्हणते तसं, अमेरिकेतल्या त्या फुटबॉलवाल्यासारखं ह्याच्या नोकरीवर येऊ शकतं का?"

आजोबा, आधी कान. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. उघड्या तळहाताची थप्पड कानावर बसली की कानाच्या नळीतली हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. मुलाला जोराची कळ येते, कानात शिट्टीसारखा आवाज येतो, क्वचित रक्ताचा थेंब दिसतो आणि मग दुखायचं थांबतं. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं घरात सगळ्यांना वाटतं. टीव्हीचा आवाज वाढवणं, एका बाजूनं हाक मारली तर ओ न देणं, ह्या खुणा मात्र मागे राहतात. उद्याच नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा, सयाजी रुग्णालयात दाखवलंत तरी चालेल. तोवर त्या कानात कोमट तेल, लसणीचं तेल, दुकानातून आणलेले थेंब, काहीही घालू नका. पोहणं बंद. आंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कान बाहेरून झाका. लहान भोक बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरतं, पण भोक आहे का आणि ऐकू किती येतंय, हे दुर्बिणीनं बघून आणि श्रवणचाचणी करूनच कळतं.

दुसरी निकडीची गोष्ट उठाबशांची. उठाबशा म्हणजे मार नव्हे, व्यायामच झाला, असं समजून घरोघरी ही शिक्षा दिली जाते. एरवी तीस-चाळीस काढणाऱ्या मुलाला सलग दोनशे काढायला लावल्या, तेही वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात आणि पाणी न देता, तर मांड्यांचे स्नायू अक्षरशः फुटतात. स्नायूंमधलं रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात अडकतं. लक्षणं लगेच दिसत नाहीत, एक ते तीन दिवसांत दिसतात: मांड्या सुजून कडक होणं, जिना उतरताना पाय लटपटणं आणि कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद लघवी. हा रंग दिसला तर घरी थांबू नका, रात्र असली तरी रुग्णालय गाठा. तिथं रक्तातलं सीके (स्नायू किती फुटले ते दाखवणारं) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) तपासतात, गरज पडली तर शिरेतून सलाइन देतात. अशा वेळी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं देऊ नका, मूत्रपिंडावरचा ताण वाढतो. साध्या मुक्या मारासाठी पॅरासिटामॉल पुरतं. २५ किलोच्या मुलाला एका वेळी ३७५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे साडेसात मिली, दोन डोसांत किमान ६ तास. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा, चोळू मात्र नका.

आता रेष कुठं, ह्याकडे येऊ. बहुतेक माणसं ती बापाच्या मनात शोधतात: हेतू चांगला होता ना? मुलं तपासणारा डॉक्टर ती मुलाच्या अंगावर शोधतो. चांगल्या हेतूनं मारलेला पट्टा आणि वाईट हेतूनं मारलेला पट्टा कातडीखालच्या केशवाहिन्या सारख्याच फोडतो.

धडपडणाऱ्या, खेळणाऱ्या मुलाला लागतं ते हाडांवर, पुढच्या बाजूला: नडगी, गुडघे, कोपर, कपाळ, हनुवटी. क्रिकेट खेळणाऱ्याच्या मांडीवर चेंडूचा गोल वळ असतो, मधे फिकट आणि कडेनं काळानिळा. मल्लखांबावरच्या मुलाच्या काखेत आणि मांडीच्या आतल्या बाजूला घासल्याच्या रेघा असतात, कुस्ती करणाऱ्याच्या कोपर-गुडघ्यांवर मॅटचं खरचटलेलं. जुम्मादादा आणि प्राध्यापक माणिकरावांच्या व्यायामपरंपरेच्या ह्या गावात असे डाग दिसले म्हणून कुणी घाबरून जायचं कारण नाही. पण पाठ, पोट, नितंब, मांडीचा मागचा भाग, कान, मान, गालाचा मऊ भाग, दंडाची आतली बाजू, ह्या जागा पडताना आपोआप वाचतात. तिथं डाग दिसला की विचारायलाच हवं. ४ वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर काळानिळा डाग असेल, किंवा अजून पालथंही न पडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या अंगावर कुठंही असेल, तर बालरोगतज्ज्ञ तो अपघाती धरून चालत नाहीत, तपासतात.

डागाचा आकारही बोलतो. काठी, रूळ किंवा स्टंप जोरात बसला की मधली कातडी दाबली जाते आणि तिच्या दोन्ही कडांच्या बारीक रक्तवाहिन्या ताणून तुटतात. म्हणून एक जाड रेघ उमटत नाही, दोन समांतर लाल रेघा उमटतात आणि मधली पट्टी फिकी राहते, रेल्वेच्या रुळांसारखी. पट्ट्याच्या दोन रेघांमधलं अंतर पट्ट्याच्या रुंदीइतकं असतं, टोकाला कधी बक्कलचा चौकोन. दोरीउड्यांची दोरी दुमडून मारली की टोकाशी वाकलेला फास उमटतो, इंग्रजी यू अक्षरासारखा. हा फास कुठल्याही पडण्यानं होत नाही, घसरगुंडीनं नाही, सायकलनं नाही. तुमच्या नातवाच्या पाठीवर किंवा मांडीमागे असा एक जरी दिसला, तरी शिस्त की मारहाण हा वाद संपला. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे मात्र सांगता येत नाही. पिवळेपणा पहिल्या १८ तासांत येत नाही, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. त्यामुळे "हा जुना आहे, शाळेत लागला असेल" असं कुणी ठासून सांगितलं तरी मान्य करू नका.

हातात वस्तू घेतली की मारणाऱ्याचा ताबा सुटतो, तो का, हेही समजून घ्या. तळहाताला स्वतःलाही लागतं, त्यामुळे जोर किती होता हे मारणाऱ्याला कळतं. पट्ट्याला ते कळत नाही. लवचीक फांदी किंवा दोरी अंगाला नुसती लागत नाही, ती वळसा घालते, आणि तिचं टोक सगळ्यात वेगानं फिरत असतं. मारणारा नितंबावर नेम धरतो, टोक जाऊन बसतं मांडीच्या आत, पोटाच्या कडेला किंवा जांघेत. मूल हात आडवा घालतं, मग बोटांवर. शिवाय ज्याचे खांदे आणि मनगटं वर्षानुवर्षं चेंडू सीमेपार धाडायला तयार झालेली आहेत, त्याचा "हलका" फटका आणि तुमच्या काळातल्या मास्तरांचा फटका ह्यांत फार अंतर आहे.

सूनबाई ज्याचं नाव घेते त्या प्रकरणात नेमकं हेच घडलं. ॲड्रियन पीटरसन हा अमेरिकन फुटबॉलमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा, चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, एनएफएल ह्या तिथल्या लीगमधला २०१२ चा सर्वोत्तम खेळाडू. मे २०१४ मध्ये टेक्ससमध्ये त्यानं आपल्या ४ वर्षांच्या मुलाला पानं काढलेल्या फांदीनं मारलं. मूल आईकडे परत गेल्यावर डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पाठ, नितंब आणि पायांबरोबर अंडकोशावरही जखमा होत्या. त्याचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: मलाही असंच वाढवलं, इजा करायचा हेतू नव्हता. टेक्ससचा कायदा पालकाला वाजवी शिक्षेची मुभा देतो, तरी सप्टेंबरमध्ये आरोप निश्चित झाला. नोव्हेंबरमध्ये त्यानं आरोपाला आव्हान न देता बेपर्वाईनं केलेल्या हल्ल्याचा सौम्य गुन्हा पत्करला. शिक्षा: ४,००० डॉलर दंड, ८० तासांची समाजसेवा, पालकत्वाचे वर्ग आणि परिवीक्षा (प्रोबेशन), म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेख.

ही न्यायालयाची बाजू. खेळाची बाजू ह्याहून गोंधळाची होती. संघानं त्याला एक सामना बाहेर बसवलं, मग परत घ्यायचं ठरवलं, एका प्रायोजकानं हात आखडता घेतल्यावर दोनच दिवसांत पुन्हा बाहेर काढलं. पुढे लीगनं उरलेल्या हंगामासाठी बिनपगारी निलंबित केलं. लीगचं कडक धोरण ऑगस्ट २०१४ मध्ये आलेलं आणि मारहाण मेमधली, म्हणून फेब्रुवारी २०१५ मध्ये एका न्यायाधीशानं ती कारवाई रद्द ठरवली. २०१६ मध्ये अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. दरम्यान एप्रिल २०१५ मध्ये तो संघात परतला आणि त्या हंगामात १,४८५ यार्ड धावून लीगमध्ये पहिला आला. मला ह्या प्रकरणातून दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. नियम घटनेच्या आधी कागदावर असायला हवेत, नाहीतर खेळाडूवरही अन्याय होतो आणि मुलालाही न्याय मिळत नाही. आणि उत्तरदायित्व म्हणजे माणसाला संपवणं नव्हे: शिक्षा झाली, वर्ग झाले, तो परत खेळला.

आपल्याकडे काय? घरातल्या माराला सरसकट बंदी घालणारा वेगळा कायदा भारतात नाही, आणि ह्याच पोकळीचा लोक आधार घेतात. पण बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७५ वाचा. मुलाचा प्रत्यक्ष ताबा किंवा नियंत्रण ज्याच्याकडे आहे, त्यानं मुलाला अनावश्यक शारीरिक वा मानसिक यातना होतील अशा रीतीनं मारलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. त्या मारानं मूल अपंग झालं किंवा त्याला मानसिक आजार जडला, तर ३ ते १० वर्षं सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. "नियंत्रण" ह्या शब्दात बापही येतो आणि प्रशिक्षकही. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शाळेतल्या शारीरिक शिक्षेला मनाई करतं, पण खासगी क्रिकेट अकादमी म्हणजे शाळा नव्हे. तिथं कलम ७५ च उपयोगी पडतं, आणि हे पुष्कळ पालकांच्या गावीही नसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २७ पालकानं १२ वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी सद्भावनेनं केलेल्या कृतीला संरक्षण देतं, पण गंभीर इजा त्यात बसत नाही. आणि फुटलेल्या कानाचं ऐकणं कायमचं गेलं, तर ती कायद्याच्या व्याख्येनंच गंभीर इजा आहे. म्हणून तर कान आधी म्हटलं.

नोकरीचं म्हणाल तर, भारतातल्या पुष्कळ खेळाडूंचा मालक लीग नसते, एखादं खातं असतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६४ चे आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना १९६६ चे वर्तणूक नियम लागू आहेत. पदाला न शोभणारं वर्तन करू नये, हा त्यांतला मूळ नियम, आणि तो कार्यालयाच्या दारात संपत नाही. फौजदारी प्रकरणात ४८ तासांहून जास्त कोठडी झाली, तर कर्मचारी आपोआप निलंबित मानला जातो, मग तो किती शतकं ठोकणारा असो. क्रिकेट मंडळही मैदानाबाहेरच्या वागण्याची दखल घेतं. के. एल. राहुलला आणि बडोद्याकडून खेळणाऱ्या हार्दिक पंड्याला जानेवारी २०१९ मध्ये निव्वळ टीव्हीवरच्या वक्तव्यांसाठी निलंबित करून ऑस्ट्रेलियातून परत बोलावलं होतं, आणि एप्रिलमध्ये मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. बोलण्यासाठी एवढं होतं, तर मुलाला मारण्यासाठी काहीच होऊ नये, असं म्हणायला जागा नाही. तरीही पहिल्या तक्रारीलाच नोकरी घालवावी, असं मी म्हणणार नाही. पगार गेला की त्याचे चटके त्याच मुलाला बसतात, आणि "नोकरी जाईल" ह्या एका धास्तीपायी कितीतरी घरं तोंड शिवून बसतात. मार ताबडतोब थांबणं, समुपदेशन सक्तीचं होणं, मूल अधूनमधून डॉक्टरांच्या नजरेखालून जाणं, आणि पुन्हा घडलं तर मात्र खात्याला कळवणं, हा क्रम मला योग्य वाटतो.

तुमचा "मीही मारूनच वळण लावलं" हा मुद्दा मनापासून घेऊनच उत्तर देते. "छडी लागे छमछम" म्हणत आपल्या पिढ्या वाढल्या. केंद्र सरकारच्या २००७ च्या अहवालात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून आढळलं की तीनांतल्या दोन मुलांनी मार खाल्ला होता. म्हणजे तुम्ही जगावेगळं काही केलं नाहीत. पण २०१६ मध्ये ७५ अभ्यासांतल्या १ लाख ६० हजारांहून जास्त मुलांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा नुसत्या चापट्यांनीही वागणं सुधारल्याचं दिसलं नाही. उलट आक्रमकपणा, समाजविरोधी वागणं आणि मानसिक त्रास वाढलेले दिसले. तुमचा मुलगा खेळाडू झाला तो माराशिवायच्या पुष्कळ गोष्टींमुळे: पहाटेचा सराव, तुमची सायकलवरची ने-आण, त्याची स्वतःची जिद्द. माराचा वाटा शोधायचा तर तो आज त्याच्या हातात पट्टा आहे, तिथं दिसतो.

आणखी एक गोष्ट मला स्वच्छ सांगितली पाहिजे. सुटलेला झेल म्हणजे बेशिस्त नव्हे. बेशिस्त म्हणजे मित्राला बॅट मारणं, सरावाला दांडी मारून खोटं बोलणं. झेल सुटणं ही शिकण्याची पायरी आहे. ८ वर्षांच्या मुलाचा वेगानं येणाऱ्या चेंडूचा अंदाज अजून पक्का झालेला नसतो. त्यातून भीती असली की हात ताठरतात आणि चेंडू आणखी सुटतो. भीतीचा याहून मोठा तोटा म्हणजे मुलं दुखणं लपवायला शिकतात. वाढत्या वयात वेगवान गोलंदाजी करणाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्याला बारीक तडा जातो, मागे वाकलं की एका बाजूला दुखतं. वेळेत सांगितलं तर विश्रांतीनं तो सांधतो. मार खाल्लेलं पोर सांगत नाही, आणि तडा पुरता उघडतो.

मुलाशी बोलाल तेव्हा नातवासमोर नको, आणि मार चालू असतानाही वाद नको. त्या क्षणी फक्त मधे उभं राहायचं आणि मुलाला दुसऱ्या खोलीत न्यायचं. शांतपणे बोलायला बसाल तेव्हा "तू वाईट बाप आहेस" ह्यानं सुरुवात करू नका, "माझ्याकडून चुकलं, ते तू पुढं नेऊ नकोस" इथून करा. हे वाक्य फक्त तुम्हीच बोलू शकता, सूनबाई नाही, डॉक्टर नाही. मग ठोस ठरवा. सामन्याच्या किंवा सरावाच्या दिवशी खेळाबद्दल एक शब्द नाही, चर्चा दुसऱ्या दिवशी. तंत्राच्या चुका प्रशिक्षक बघतील, बापानं फक्त बाप राहायचं. खरी बेशिस्त झाली तर बॅट एक दिवस कपाटात, कारण सांगून, आवाज न चढवता. राग आवरत नसेल तर त्यानं स्वतः घराबाहेर एक फेरी मारायची. उठाबशा शिक्षा म्हणून कधीच नाहीत. नाहीतर मुलाला व्यायामाचाच तिटकारा येतो, आणि खेळाडूच्या घरात त्याहून मोठं नुकसान कुठलं?

नातवाशी बोलताना "बाबांनी मारलं ना?" असं विचारू नका. "कानाला काय झालं, सांग" एवढंच विचारा आणि थांबा. तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसकट वहीत लिहा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. अंगावर वळ असतील तर सूनबाईंना दिवसाच्या उजेडात फोटो काढायला सांगा: एक लांबून, जागा कळेल असा, आणि एक जवळून, कॅमेरा अगदी समोर धरून, शेजारी पट्टी ठेवून. डाग कधी एक-दोन दिवसांनी जास्त स्पष्ट होतो, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा काढा. हे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

बोलूनही मार थांबला नाही, तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे, २४ तास चालतो. तिथून प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढं जातं. फोन केला की मूल उचलून नेतात, ही भीती काढून टाका. मूल कुटुंबातच राहावं, संस्था हा शेवटचा पर्याय, हे बाल न्याय कायद्याचंच तत्त्व आहे. आई-वडिलांना बोलावून समुपदेशन करणं, घरी लक्ष ठेवणं, हे आधी होतं. मात्र डोक्याला मार लागून मूल ओकायला लागलं, पेंगुळलं, पोट दुखून कडक झालं, लघवीत रक्त आलं किंवा अंडकोश सुजला, तर फोनाफोनी नंतर. आधी रुग्णालय, आणि अंडकोशाच्या बाबतीत तर तासांचा हिशोब असतो.

आणि उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा ते विचारतील, हे कशानं झालं. नातू आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. "खेळताना चेंडू लागला" असं सांगू नका. थप्पड कानावर बसली, कुठल्या दिवशी आणि कुणाची, हे त्याच्यादेखत सांगा, आणि ते केसपेपरवर लिहून घ्या.